हिरव्या पेन्सिलीच्या खुणा

चष्मेवाल्याला जुन्या पुस्तकांचं भारी वेड. दुकान बंद केलं की रद्दीवाल्याकडे डोकवायचं आणि गाजलेल्या जुन्या कादंबऱ्यांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती काखोटीला मारून घरी यायचं. "आता पुस्तकांना आत झोपू दे, आपण जिन्यात पथारी टाकू," बायको म्हणायची.

मग एकाच घरातली पुस्तकं येऊ लागली. सगळ्यांना खाकी कव्हर, समासात हिरव्या पेन्सिलीच्या खुणा. जुन्या पुस्तकांत केसासारख्या बारीक, पुढच्यांत जाड, वेड्यावाकड्या. शेवटच्या तर ओळ सोडून भलतीकडेच गेलेल्या. कुणाचे तरी डोळे गेले होते.

"मागच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंची," रद्दीवाला म्हणाला. "पुतण्या आणून देतो."

बाई त्याचं जुनं गिऱ्हाईक. हल्ली फिरकल्याच नव्हत्या. तो भेटायला गेला. बाई खुर्चीत, शेजारी कपाट गच्च भरलेलं. पण कोऱ्या खाकी कव्हरांतून जुनी मासिकं आणि पुठ्ठे डोकावत होते.

"आत्या, तुझी पुस्तकं जागच्या जागी आहेत हं," पुतण्या हसत म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

बाईंनी चष्मेवाल्याचा हात घट्ट धरला. "हाताला कळतं हो," त्या पुटपुटल्या. "पण गप्प राहा. घराच्या कागदांवर सही करून बसलेय. मला कळलंय हे त्याला कळलं, तर माझी इथून उचलबांगडी होईल."

तो दर सुट्टीला जाऊ लागला. विकलेलंच एखादं पुस्तक नेऊन मोठ्यानं वाचायचा. बाईंचा चेहरा खुलायचा. पुतण्या दारात उभा राहून ऐकायचा. एकदा त्यानं पुस्तक हातात घेतलं, हिरव्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"आत्या, हे आपल्याकडेही आहे ना?"

"असेल," बाई म्हणाल्या.

त्यानं पुस्तक परत दिलं. हसला नाही.

पुढच्या सुट्टीला दाराला कुलूप. "पुतण्यानं नेलं त्यांना," शेजारीण म्हणाली. "कुठे, ते काही बोलला नाही."

चौकीवरचा पोलीस म्हणाला, "सख्ख्या पुतण्यानंच नेलंय ना? मग तक्रार कसली?"

आपण ते पुस्तक नेलं नसतं तर, हे त्याच्या मनातून जाईना. आता सुट्टीच्या दिवशी तो एकेक वृद्धाश्रम पालथा घालतो. फाटकावर विचारतात, "तुम्ही त्यांचे कोण?" तो घुटमळतो. "चष्मा करून देतो," म्हणतो. मग फाटक उघडत नाही.