मी गाळायला लावलेलं प्रकरण

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. निरोप समारंभात टाळली, घरच्यांपाशी टाळली आणि गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या आमच्या कॉलेजात माझ्या खांद्यावर शाल पडली तेव्हाही टाळली. सत्कार खरं तर माझ्या विद्यार्थिनीचा होता. वेगवेगळ्या कुळांतल्या विषाणूंमध्ये एकसारखे आकार कसे जपले जातात, यावर काम करणारी स्वतःची प्रयोगशाळा ती आज हैदराबादेत चालवते. तिच्याकडे शिकायला लांबलांबून मुलं येतात. भाषणात ती म्हणाली, "आकार बघायला मला सरांनी शिकवलं." टाळ्या झाल्या. आमचे जुने हेडक्लार्क माझ्या कानाशी लागले, "मेहनत पोरीची अन् शाल तुम्हाला. मजा हाय बुवा तुमची!"

ते गंमत करत होते. मला मात्र शाल जड झाली. कारण आकार बघायला मी तिला शिकवलं नाही. तिने तो मला दाखवला आणि मी तो पुसायला लावला.

तिच्या वडिलांचं औशाच्या बाजारात शिलाईचं दुकान. ती नांदेडला होस्टेलवर राहून माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय मी साधाच दिला होता: हरभऱ्याला रोग लावणाऱ्या विषाणूंचे आरएनए एकमेकांशी ताडून बघायचे. आरएनए म्हणजे चार अक्षरांनी लिहिलेला एक लांब, एकेरी धागा. मी जन्मभर ही अक्षरंच वाचत आलो. जुळली तर नातं, नाही जुळली तर परके. पण हा धागा सरळ पडून राहत नाही. तो स्वतःवरच दुमडतो. एका बाजूचं अक्षर दुसऱ्या बाजूच्या ठरलेल्या जोडीदाराला धरतं आणि त्यातून वळ्या, गाठी तयार होतात. काही गाठी इतक्या चिवट, की धागा कुरतडत येणारं पेशीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, तिथे अडून बसतं आणि पुढचा धागा वाचतो.

एका दुपारी ती माझ्या टेबलावर कागद पसरून उभी राहिली. एकीकडे हरभऱ्याचे विषाणू, दुसरीकडे डेंग्यूचा आणि त्याचे भाऊबंद.

"सर, दोन्हीकडं सारखीच गाठ दिसून राहिली."

"कूळ वेगळं. एक झाडावरचा, एक माणसातला. अक्षरं जुळतात का?"

"न्हाई."

"मग योगायोग."

ती हटली नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघा ना सर. एकाच कुळातले विषाणू एकाखाली एक लावले, तर जिथं ह्या बाजूचं अक्षर बदललंय तिथं समोरचं बी बदललंय. अब्बा बटण मोठं लावतात तवा काज बी मोठं करतात. नुसतं बटण बदललं तर सदरा उघडाच राहील की! अन् दुसऱ्या कुळात बी तसंच. कापड वेगळं, बटणं वेगळी, पण सदरा बंद राहावा ही काळजी कुणीतरी घेऊन राहिलंय."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ज्याची गाठ सुटली तो टिकला न्हाई, सर. बस, एवढंच."

हे ऐकून माझ्या हातावर काटा आला होता. हे इथे लिहायलाच हवं, कारण न कळून नाकारलं असतं तर मी फक्त बावळट ठरलो असतो. मला कळलं होतं. आणि लगेच बाहेरचे परीक्षक आठवले.

प्रबंध पाठवण्याआधी आमच्या विभागात त्याची 'सफाई' होत असे. आधी कुणी म्हटलेलं नाही ते ते काढून टाकायचं. परीक्षक पुण्याहून यायचे आणि आम्हा मराठवाड्याच्या मास्तरांना एकच धास्ती असायची: हसतील. नवं काही म्हणायचं ते तिकडच्यांनी. आपण पाहुणचार चोख ठेवावा. पीएच.डी. म्हणजे नवं काही सांगणं, हे आम्ही वर्गात शिकवायचो आणि सफाईच्या वेळी विसरायचो.

तिने या गाठींवर प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहून आणलं. "हे प्रकरण गाळ," मी म्हणालो.

"का सर?"

"याला संदर्भ नाही."

"संदर्भ कसा असंल? आत्ताच तर दिसलंय."

"आधी पदवी पदरात पडू दे. गाळ."

तिने गाळलं. परीक्षक आले, जेवले, "नीटनेटका प्रबंध" म्हणाले. मीही हुश्श केलं.

पुढे परदेशातल्या लोकांनी तसल्याच गाठी झाडांच्या आणि माणसांच्या विषाणूंत दाखवल्या. तो लेख मी दार लावून वाचला. तिने मला एका शब्दानेही टोचलं नाही. ती कुढत बसली नाही, पुढचे आकार शोधायला लागली. तिचं एक व्याख्यान मी नातवाच्या लॅपटॉपवर बघितलं. परदेशातल्या पाहुण्यांना ती काज आणि बटण समजावून सांगत होती, आणि मी एकटाच खुर्चीत ताठ बसलो होतो, जणू मलाच कुणी बघत होतं. तिच्या प्रयोगशाळेत रिवाजही उलटा आहे म्हणे: जे कुणी म्हटलेलं नाही, ते पहिल्या पानावर. तिचा वाटतो तेवढा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटला नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती मला गाडीत घालून औशाला घेऊन गेली. "अब्बांना तुम्हाला भेटायचंय, सर." लातूर मागे पडलं तेव्हा मी मनात वाक्य जुळवलं होतं.

दुकानात तिच्या वडिलांनी मला बसूच दिलं नाही. "उभे ऱ्हावा सर. तुमच्यासाठी जाकीट शिवायचं हाय." त्यांनी छातीभोवती टेप धरला आणि थांबले. "श्वास सोडा की. माप खोटं येऊन राहिलं."

ती चहाचा कप हातात धरून हसली. "अब्बा, सर व्हायव्हाला उभं राहिल्यासारखे उभे आहेत."

"त्यांनी कशाला घाबरायचं? तुला घडवली त्यांनी. लई उपकार हायत."

यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी श्वास सोडला आणि म्हणालो, "खांद्यात जरा सैल ठेवा."

जाकीट छान बसलं. वाक्य अजून माझ्यापाशीच आहे: बेटा, ते प्रकरण बरोबर होतं, मला ते तेव्हाच कळलं होतं; मला माफ कर.