आतोबांचे सोमवार

उभ्या हैदराबादेत स्वतःला सुधारण्यासाठी माझ्या आतोबांइतकी खटपट कुणी केली नसेल, आणि एवढ्या खटपटीनंतर इतका जसाच्या तसा राहिलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नल्लकुंट्यात राहायचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि दर सोमवारी नवा माणूस व्हायचे. हा नवा माणूस गुरुवारपर्यंत टिके. शुक्रवारी जुना परत आला की आत्या म्हणायची, "आले बाई एकदाचे घरी!"

ही खोड त्यांना लागली ती सरकारनं आर्थिक धोरण बदललं तेव्हा. पेपर बाजूला ठेवून मला म्हणाले, "अरे, एवढं मोठं सरकार चाळीस वर्षांच्या सवयी सोडतंय, मग मला काय धाड भरलीय?" त्याच सोमवारी लोखंडी कपाटाच्या दारावर पहिली चिठ्ठी लागली: 'पहाटे उठणे.' चिठ्ठी भाताच्या शितांनी चिकटवलेली, कारण 'डिंक विकत न आणणे' हीसुद्धा सुधारणाच होती. पहाटे उठून करायचं काय हे मात्र ठरलेलं नव्हतं. मग खुर्ची टाकून बाकीचे उठायची वाट पाहत बसायचे आणि कुणी उठत नाही म्हणून चिडायचे. पुढच्या सोमवारी चहा बंद झाला. घरात खरोखरच बंद झाला; कोपऱ्यावरच्या इराण्याकडे त्यांचे फेरे वाढले. मी रंगेहाथ पकडलं तर बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाले, "चिठ्ठी घरात लावलीय ना? मग घरापुरतीच." केबल आली तेव्हा 'टीव्ही कमी पाहणे' निघालं. उभ्यानं पाहिलं तर ते पाहणं नव्हे, जाता जाता नजर पडणं, असा त्यांनी अर्थ लावला आणि अख्खी क्रिकेटची मॅच दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं पाहिली. दुसऱ्या दिवशी पाय सुजले म्हणून रजा.

एकदा तर 'कुणाला नाही न म्हणणे' असा आठवडा होता. आतोबांची जीभ अस्सल इथली, 'हो'ला 'हौ' म्हणणारी. त्या आठवड्यात कचेरीत, गल्लीत, भाजीबाजारात नुसतं हौ, हौ चाललं होतं. रविवारी एकाच मुहूर्तावर तीन लग्नं, एक बारसं आणि शेजारच्या राव कुटुंबाचं सामान हलवायला मदत, एवढं सगळं त्यांच्या अंगावर आलं. तेव्हा पोट दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडले. 'कंप्युटर शिकणे' यात त्यांनी शिकवणाऱ्या बाईंनाच इतकं फैलावर घेतलं, की बाईच क्लास बदलून गेल्या. टिकली ती एकच सुधारणा: 'दर आठवड्याला एक भाजी शिकणे.' तीसुद्धा खायला मिळायचं म्हणून.

बाकीच्या चिठ्ठ्या यायच्या, जायच्या. सगळ्यात खालची कधी हलली नाही. तिच्यावर लिहिलं होतं, 'राग सोडणे.'

तिचा इतिहास आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. सरकारचं नुसतं निमित्त. खरं कारण त्याच्या जरा आधी घडलं होतं. आतोबांच्या वडिलांचं श्राद्ध. गुरुजींची पानं उठली होती, घरचे जेवायला बसलो होतो, वडिलांच्या नावाचं पान मांडलेलं होतं. आतोबांचा धाकटा भाऊ अंबरपेठेत राहायचा. त्यानं पिशवीतून डबा काढला. डब्यात बगारा बैंगन! चिंच-तिळाच्या रश्शातली ती अख्खी वांगी म्हणजे त्यांच्या वडिलांचा जीव की प्राण. पण श्राद्धाला वर्ज्य असलेलं वांगं वडिलांच्या पानावर? धाकटा हळूच म्हणाला, "दादा, बाबांना आवडायचं रे. एकच वाढतो." आणि आतोबा सगळ्यांच्या देखत गरजले, "ऊठ पानावरून!"

धाकटा उठला. हात धुतला, चपला घातल्या आणि गेला. डबा तिथंच राहिला.

तेव्हापासून एकाच वडिलांची दोन श्राद्धं होऊ लागली. एकाच दिवशी, दोन घरी, आणि गंमत म्हणजे गुरुजी एकच. नल्लकुंट्यात अर्धपोटी जेवायचे आणि उरलेली भूक घेऊन रिक्षानं अंबरपेठेला जायचे. पुढच्या खेपेला आतोबा त्यांना इकडेतिकडे बघत विचारायचे, "तिकडे ठीक चाललंय ना?" गुरुजी म्हणायचे, "खीर उत्तम होती." भावाची वर्षभराची खबर एवढीच.

"मग जा ना एकदा," मी वैतागून म्हटलं होतं.

"जाईन रे. पण राग गेल्याशिवाय कसा जाऊ? पुन्हा तोंडातून काही निघालं, तर तो जन्मात दार उघडायचा नाही. आधी माणूस तर सुधारू दे."

त्यांना भावाची भीती नव्हती, स्वतःच्या तोंडाची होती. पहाट, चहा, टीव्ही ही सगळी त्या एका चिठ्ठीची पूर्वतयारी होती. पूर्वतयारीत नऊ वर्षं गेली.

शेवटी गुरुजींच्या गुडघ्यांनी निकाल लावला. एके दिवशी आले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "यजमान, आता दोन घरं माझ्यानं होत नाहीत. तुमचे वडील एकच होते ना? मग पान एकच मांडा. तुम्ही दोघं ठरवा आणि मला कळवा." आतोबा उठून कपाटाकडे गेले आणि सगळ्यात खालच्या चिठ्ठीसमोर उभे राहिले. आत्याला कळलं. तिनं नऊ वर्षं घासूनपुसून ठेवलेला तो डबा काढला आणि ओट्यावर ठेवला.

रविवारी आतोबांनी स्वतःच्या हातानं बगारा बैंगन केलं. मी स्कूटर काढली तर "नक्को" म्हणाले. त्या आठवड्याची चिठ्ठी 'चालणे' होती. अंबरपेठेपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटभर "शांत, शांत" असं पुटपुटत होते. एक रिक्षावाला अंगावर आला, त्यालाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुधारला की माणूस!

दार धाकट्यानंच उघडलं. त्यानं आधी डबा पाहिला, मग दादाला. "ये," म्हणाला. पाटावर बसला, झाकण काढलं आणि एक वांगं तोंडात घातलं.

"दादा, चिंच जास्त झालीय."

"चिंच जास्त? अरे गाढवा, सकाळपासून उभा आहे मी! तुझ्या बापानं तरी केलं होतं का असं? जिभेला चव आहे का तुझ्या?" नऊ वर्षांची साधना अर्ध्या मिनिटात आटोपली. शेजारी गॅलरीत आले. मी कपाळाला हात लावला.

धाकटा मान खाली घालून खातच होता. दुसरं वांगं घेतलं आणि म्हणाला, "ओरड दादा, ओरड. बाबा गेल्यापासून माझ्यावर ओरडणारा तूच एक होतास."

आतोबा जमिनीवर बसले, भावासमोरच्या डब्यातलं एक वांगं उचललं, चाखलं आणि म्हणाले, "हौ रे. जास्त झालीय." दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. उगाच चिंचेवर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी 'राग सोडणे' ही चिठ्ठी कपाटावर नव्हती. तिच्या जागी 'दर रविवारी अंबरपेठ' अशी लागली होती. ही मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळली, आणि दर रविवारी तिथं जाऊन ते मनसोक्त चिडले.

आता दोघंही नाहीत. ते कपाट माझ्याकडे आहे. दारावर वाळलेल्या शितांचे डाग आहेत, खरवडले तरी जात नाहीत. चिक्कडपल्लीत भांडणानं तुटलेलं माझंही एक घर असंच राहून गेलंय; मन शांत झालं की जाईन, असं मी सहा वर्षं म्हणतोय. आज सकाळी चिंच भिजत घातली आहे.