मोतीरामभाऊंची लास्ट वार्निंग

मोतीरामभाऊंनी मला पहिल्याच भेटीत लास्ट वार्निंग दिली. नोकरीवर रुजू व्हायला मी तालुक्याच्या स्टँडवर उतरलो होतो आणि चौकशीच्या खिडकीची जाळी वाजवत होतो. आतून एक मिशाळ चेहरा वर आला.

"जाळीले हात लावू नका, लास्ट वार्निंग देऊन राह्यलो."

"आणि पहिली कधी दिली?" मी विचारलं.

"पयली देत बसलो तं गाड्या कवा सोडू?"

मोतीरामभाऊ स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, म्हणजे सगळ्यांचे कंट्रोलर. मी स्टँडसमोरच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे त्यांच्या 'लास्ट'वर माझी धंदेवाईक नजर असायची. फलाटावर लोळणाऱ्या कुत्र्याला रोज लास्ट वार्निंग. कोपऱ्यात थुंकणाऱ्याला लास्ट चान्स. चहा दिवसातून सहा वेळा आणि सहाही वेळा लास्ट. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर ते मी येण्याआधीपासून सोडत होते. पुडी उघडताना "हा लास्ट" असं स्वतःलाच बजावायचे आणि उरलेला अर्धा उद्यासाठी खिशात ठेवायचे.

एकदा मी त्यांना शिकवायला गेलो. म्हटलं, "भाऊ, ज्याच्यानंतर काही नसतं त्याला लास्ट म्हणतात."

"तुमच्या पुस्तकात असन, सर. इथी लास्ट गाडी गेली का झाडीतून दोन माणसं निघतेच. त्याईले काय डिक्शनरी दाखवू?"

एक गाडी मात्र पुस्तकातल्यासारखी खरोखर शेवटची होती. पाच वाजताची कोसमटोला. ती गेली की त्या बाजूला सकाळपर्यंत काही नाही. रस्ता सगळा जंगलातला आणि वाघाच्या पाट्या लावलेला. त्या गाडीने आमच्या कॉलेजातल्या नऊ मुली घरी जायच्या. एक दिवस जरी मुली अडकल्या असत्या, तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद केलं असतं. कॉलेज सुटायचं सव्वापाचला.

गाडी पाचला कधीच सुटली नाही. पाच वाजले की मोतीरामभाऊंना कामं सुचायची. ड्रायव्हर गजूभाऊला ते स्टेपनी बघायला लावायचे, मग कंडक्टरचा कागद चुकीचा निघायचा, मग शिक्का सापडायचा नाही. गजूभाऊ हॉर्नवर हात ठेवून ओरडायचा, "भाऊ, शिक्का तुमच्या हातात हाय!"

"मले दिसून राह्यला. शाई पाहून राह्यलो."

वीस मिनिटांनी मुली दप्तरं सावरत धावत यायच्या आणि भाऊ गरजायचे, "आज लास्ट! उद्यापासून थांबनार नाई!"

"भाऊ, कालची लास्ट सरली नाई का अजून?" सुनंदा विचारायची. ती नऊजणींची पुढारी. गाडी हसत हसत निघायची.

डेपोला हे हसू पोचलं नाही, उशीर पोचला. भाऊंना 'अंतिम ताकीद' आली. मग 'अंतिम ताकीद : स्मरणपत्र' आलं. मग ठळक अक्षरांत 'शेवटची अंतिम ताकीद'. भाऊंनी ती मला कौतुकाने वाचून दाखवली. "डेपोबी माह्यासारखाच हाय, सर!" खुलाशात ते कधी टायर लिहायचे, कधी रस्त्यावरचा वाघ. मुलींचं नाव लिहायचे नाहीत. "लिवलं तं मनतीन, पोट्ट्यांसाठी गाडी थांबवता? आन् गाडीच बंद करतीन."

हे सगळं मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचो. सगळे म्हणायचे, अशी माणसं राहिली नाहीत हो. मग आम्ही चहा घ्यायचो आणि आपापल्या तासाला जायचो.

डेपोने शेवटी शब्द पाळला. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना भाऊंची बदली गडचांदूरला झाली. घरी त्यांच्या बाईंचे, म्हणजे पत्नीचे, गुडघे गेलेले, त्यामुळे त्या इथेच राहणार आणि भाऊ तिकडे सिमेंटच्या धुळीत भाड्याच्या खोलीत हाताने भात शिजवणार. निरोपाला शाल-श्रीफळ झालं. भाषण माझ्याकडे होतं. मी 'लास्ट' या शब्दावर दहा मिनिटं विनोद केले. टाळ्या पडल्या, भाऊही पोटभर हसले.

नवे कंट्रोलर वक्तशीर निघाले. दुसऱ्या दिवशी गाडी पाचच्या ठोक्याला गेली. मी स्टँडवर चहाला पोचलो तेव्हा नऊ मुली रिकाम्या फलाटावर उभ्या होत्या. आज कोणी हसत नव्हतं.

"सर, आता?" सुनंदाने विचारलं.

मी ओळखीची जीप बोलावली आणि त्यांना घरी सोडून आलो. परतताना डोक्यात एकच प्रश्न होता. सव्वापाचला सुटणारा तो शेवटचा तास कोणाचा होता? माझा. चार वर्षं माझाच. वर्गाच्या खिडकीतून थांबलेली गाडी मला रोज दिसायची. तिच्याकडे पाठ करून मी फळ्यावर शब्दांचे अर्थ लिहायचो, आणि त्या नऊजणी एक डोळा बाहेर ठेवून ते उतरवून घ्यायच्या.

सकाळी प्राचार्यांकडे गेलो आणि तो तास अकरा वाजता ठेवा म्हणालो. त्यांनी वेळापत्रकावर उभ्याउभ्याच सही केली. एका मिनिटाचं काम होतं.

भाऊंना फोन लावून हे सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. "चांगलं केलं, सर. पोरी उजेडात घरी जातीन."

मला राहवलं नाही. "भाऊ, एवढ्या ताकिदी खाल्ल्या, बदली ओढवून घेतली. मला एकदा तरी बोलायचं! तास माझाच होता."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "पन तुमी शिकवून राह्यले होते ना, सर. मास्तरले मधात कसं टोकाव?"

पुढे ते बाईंच्या गुडघ्यांचं सांगत होते, घरी चक्कर टाका म्हणत होते. मी नुसता हो हो म्हणत राहिलो. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.