भैय्याजींचं मानपत्र

मारोतराव तसे शांत गृहस्थ, पण "भाषा जरा सजवा" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. सक्करदऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या सत्कारांची मानपत्रं त्यांच्याच गळ्यात पडू लागली. सगळी एका साच्यातली; नाव बदललं की झालं. त्याचा त्यांना वीट आला होता.

म्हणून भैय्याजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं मानपत्र त्यांनी जीव ओतून लिहिलं. भैय्याजी म्हणजे वस्तीतल्या वाचनालयाचे सर्वेसर्वा, आणि मारोतरावांचे जिवलग. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला ते शिव्या घालायचे आणि मग त्यालाच चहा पाजायचे. हा खरा माणूस एकदा तरी, त्याच्या हयातीत, चारचौघांसमोर वाचला जावा, एवढीच मारोतरावांची इच्छा होती.

सत्कार समितीचा सचिव हर्षित हा त्यांचाच विद्यार्थी. कागद वाचून तो हिरमुसला.

"सर, हे तर साधं गद्य झालं. याच्यात स्टाईल काहून नाही टाकली?"

"शैली म्हणजे वरून टाकाची कोथिंबीर आहे काय गा?" मारोतराव उखडले. "चालतात सगळेच. पण गल्लीच्या तोंडाशी कोण येऊन राहिला, हे त्याच्या चालीवरून समजते ना? चालणं म्हणजे गद्य, अन् ती चाल म्हणजे शैली!"

"बराबर आहे सर," म्हणत हर्षितने कागद खिशात घातला. पालथ्या घड्यावर पाणी!

कार्यक्रमात त्याने माईक धरला. "हे ज्ञानसूर्या! हे वाचनसंस्कृतीच्या कल्पवृक्षा!" पुढे दीपस्तंभ आला, अमृतवाणी आली. शिव्या गेल्या, चहाही गेला. आणि शेवटी, "लेखन, आदरणीय मारोतराव सर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मारोतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून खरं सांगावं, तर भैय्याजींच्याच दिवसाचा विचका होणार. ते दातओठ खात बसून राहिले.

जेवणाआधी ते भैय्याजींना भेटायला मंचावर गेले. भैय्याजी हार काढून, मांडीवर मानपत्राची चौकट घेऊन बसले होते.

"हे तूनं लिहिलं?"

मारोतराव तोंड उघडणार, तोच हर्षित फोटोसाठी दोघांच्या मध्ये घुसला आणि सरांच्या खांद्यावर हात टाकून हसला.

"चांगलं आहे गा," भैय्याजी हळूच म्हणाले. "पण मले वाटत होतं, तू तरी मले ओळखतो."