भावकाकांचा डॉलर

रविवार, १३ सप्टेंबर १९८७. स्थळ: भावकाकांच्या अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या घराचं बेसमेंट. हजर: शैलाकाकू, माझे यजमान विनायक आणि मी. काम: काकांचे कागद आवरणं.

भावकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. रोज दुपारी बाराला ते माझ्या बँकेत फोन करायचे आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारायचे, "उतरला का?" म्हणजे डॉलरचा भाव. परकीय चलनाचं काम माझ्याकडे, म्हणून हा प्रश्न मला. इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना तर त्यांचं आडनावच भाव वाटायचं.

अर्थशास्त्र ते कुठे शिकले नव्हते. लेथ मशिनची डिझाइनं करायचे. बाकी सगळं वर्तमानपत्रातून. पण समजावून सांगावं तर त्यांनीच. एका गणपतीला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी जेवणाची कुपनं चुकून दुप्पट छापली. पुऱ्या संपल्या, लोक चिडले. काका हातातलं कुपन नाचवत आले. "सेक्रेटरीबाई, याला म्हणतात चलनवाढ! कुपनं छापलीत, पुऱ्या कोण तळणार?" मी रडायच्या बेतात होते. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वतः कणीक तिंबायला बसले.

नंतर डॉलर चढत गेला. दिवाळीच्या फराळाला सगळे खुशीत होते, कारण त्याच डॉलरचे घरी जास्त रुपये पोचत होते. विनायक म्हणाले, "काका, मजा आहे बुवा! आईला फ्रिज घेऊन टाकला." काकांनी खिडकीतून आमची नवी जपानी गाडी दाखवली. "ती स्वस्तात पडली ना? तिच्या डिकीत बघ, माझी नोकरी सापडेल."

आम्ही हसलो. त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. महागाई आवरायला इथल्या मध्यवर्ती बँकेने व्याज वाढवलं. त्या व्याजाच्या ओढीने जगभरचा पैसा इकडे आला, म्हणून डॉलर महागला. महाग डॉलरमुळे परदेशचा माल इथे स्वस्त आणि त्यांची लेथ ब्राझीलच्या गिऱ्हाइकाला न परवडणारी. त्याच दिवाळीनंतर, पंच्याऐंशीच्या जानेवारीत, कारखान्याने डिझाइनचा अख्खा विभाग बंद केला. काका तिथे बावीस वर्षं होते.

शैलाकाकूंनी शाळेच्या कॅफेटेरियात काम धरलं. ह्यूस्टनहून एक नोकरी चालून आली, ती काकांनी घेतली नाही. काकू माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, दुसरीकडे अर्ज तरी टाका." काका म्हणाले, "मला साहेबाने काढलं नाही, शैला, भावाने काढलं. भाव उतरला की तोच परत बोलावेल." काकू गजर लावायला उठल्या. त्यांना पहाटेची बस गाठायची असायची.

एकदा मुलाच्या तापामुळे मी रजेवर होते. काकांनी बँकेतून ते कळल्यावर घरी फोन लावला. उचलला साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी. "उतरला का?" "उतरला हो! पहाटे दरदरून घाम आला आणि झर्रकन उतरला." संध्याकाळपर्यंत काकांनी सात घरी फोन करून डॉलर कोसळल्याची बातमी दिली होती. चूक कळल्यावर त्याच सात घरी पुन्हा फोन केले. मग म्हणाले, "पोराचा उतरला ना? मग आजचा भाव चांगलाच म्हणायचा."

त्याच वर्षी शरद ऋतूत डॉलर खरोखरच उतरू लागला. मी स्वतः फोन केला. मला वाटलं, ओरडतील, पेढे मागतील. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, "आता दीड-दोन वर्षं. भाव आज हलतो, गिऱ्हाईक सावकाश हलतं." त्यानंतर फोन आले नाहीत. जुनी ड्रॉइंग काढून ते पुन्हा रेखत बसायचे. बोलावणं आलं तर हात तयार असावा म्हणून.

यंदा फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचं बर्फ काढता काढता ते पायरीवर टेकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा फावडं हातातच होतं.

आज सगळे कागद लावून झाले. ड्रॉइंग अकरा खोक्यांत बांधली, नव्यांवर वेगळी खूण केली. मग काकूंनी एप्रनच्या खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. कारखान्याचं, काकांच्या नावाचं, मागच्या आठवड्यात आलेलं. परदेशी ऑर्डरी वाढल्या आहेत, विभाग पुन्हा सुरू होतो आहे, आपण पूर्वीच्या जागेवर रुजू व्हावं, शुक्रवारपर्यंत कळवावं.

"तूच उत्तर लिही," काकू म्हणाल्या. "पण येणार नाहीत असं लिहू नकोस गं. दोन वर्षं थांबले होते ते."

टाइपरायटरवर कागद चढवला आहे. तारीख आणि पत्ता टाइप केला. पुढे काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.