साहेबांच्या हातातली दोरी

द्राक्षांची पेटी उघडली आणि गंधकाचा वास आला, की मला आमच्या कचेरीच्या खिडकीला बांधलेली झोळी आठवते. तेव्हा मी तिथं, तालुक्याच्या बालविकास कचेरीत, कारकून होतो. हंगामात पेठ तालुक्याकडचे मजूर आमच्याकडे द्राक्षबागांत यायचे. त्यांची तान्ही पोरं वेलींखाली झोळीत आणि शेजारच्या ओळीत गंधकाची फवारणी. आमच्या अंगणवाडीच्या ताई त्यांच्यासाठी सरकारी पाळणाघर मागत होत्या आणि साहेब तिसऱ्यांदा म्हणाले, "गावच्या यादीत ही पोरं नाहीत. अनुदान कुणाच्या नावानं मागू? पोरं आहेत कुठं?" दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नऊ पोरं घेऊन हजर! लुगड्याची झोळी खिडकीच्या गजांना बांधून, सगळ्यात तान्हं पोर तीत ठेवून त्यांनी दोरी थेट साहेबांच्या हातात दिली. "ही घ्या पोरं. आया बागेत हायेत. झोका थांबवू नका, लय रडतं ते." आणि बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या की हो! मी फायलीआड हसलो, तर एका पोरानं माझ्याच फायलींवर शू केली. साहेबांनी दोनदा दोरी सोडली, दोनदा कचेरी दणाणली. शेवटी डाव्या हातानं झोका देत त्यांनी उजव्या हातानं पाळणाघराच्या प्रस्तावावर सही ठोकली. मी ओरडलो, "ताई, झालं!" तसे साहेब डोळे वटारून कुजबुजले, "हळू! आत्ता कुठं झोपलंय." आज त्या खुर्चीत मी बसतो. पाळणाघराची फाईल आली की ती आधी हातावेगळी करतो. ताई अजून गावातच आहेत आणि खिडकीचे गजही शाबूत आहेत.