घरची लोकर

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास बिरू कोकरे गेला. पिरंगुटच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं दुकान आहे, तिथेच. जागेवर दोघं होती: त्याची बायको हौसाबाई आणि नांद्याहून गाडी धुवायला आलेला एक दूधवाला. तोवर दोन गाड्या झाल्या होत्या, म्हणजे गल्ल्यात दोनशे रुपये होते. तिसरी डबल स्टँडवर होती आणि बिरू तिच्या टाकीवर वाकून, गाल जवळजवळ टेकवून, चरे पाहत होता. तसाच खाली बसला तो उठला नाही. हे सगळं मला नंतर कळलं. फोनवर हौसाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "सायेब, ह्ये गेलं. तुमी या."

मी भूगावात राहतो आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि थोडा स्वभावाचाही. नऊ वर्षांपूर्वी बिरूने दुकान टाकलं त्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गाडी धुवायला थांबलो. त्याआधी तो मेंढरं राखायचा. चरायची रानं एकेक करून प्लॉटांच्या कुंपणात गेली, तेव्हा त्याने आपल्या वाट्याची मेंढरं धाकट्या भावाला दिली, जो अजून लवाश्याच्या अलीकडच्या डोंगरात कळप घेऊन असतो, आणि स्वतः पाण्याची मोटर घेतली. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, मग उन्हाच्या दिशेला तोंड करून उकिडवा बसला आणि म्हणाला, "सायेब, तुमी जाकिटाची चेन उघडी ठिवून गाडी चालवता." मी विचारलं, कशावरून? त्याने टाकीच्या मागच्या बाजूचे बारीक चरे दाखवले. समोरून ते दिसतच नव्हते. "मेंढरू बी असंच बघायचं. उजेडाच्या तोंडाला धरून. गोचीड आपसूक दिसती."

आमची ओळख घट्ट झाली ती मात्र एका चुकीतून, आणि ती चूक कुणाची होती हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

दुकानाला वर्ष होत आलं होतं. भूगावच्या एका बंगल्यातले गृहस्थ आपली काळी, जेमतेम चार महिने वापरलेली मोटरसायकल घेऊन आले. टाकीवर जाळीसारखे चरे पडले होते. ते काढून हवे होते, रविवारपर्यंत. बिरूने तोवर हातानेच पॉलिश केलेलं होतं. या वेळी त्याने पॉलिशच्या कंपाउंडचा मोठा डबा आणला आणि ओळखीच्या सुताराचं ड्रिल मशीन मागून घेतलं. डब्यावर सगळं इंग्रजी. संध्याकाळी मी थांबलो तेव्हा त्याने डबा माझ्या हातात दिला. मी वाचून सांगितलं: मशीनच्या चकतीवर मेंढीच्या लोकरीची टोपी चढवायची आणि मग घासायचं. ती टोपी शहरात साडेचारशेला मिळते असंही मी सांगितलं. बिरू हसायलाच लागला. "लोकर? आन मी इकत घ्यायची? सायेब, ही मातूर हद झाली." रात्री त्याने घरातली जुनी घोंगडी कापली आणि चकतीच्या मापाची टोपी शिवली. शिवण फार सुबक होती, मी पाहिली आहे.

रविवारी सकाळी टाकीवर गोल गोल वलयं उठली होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, आणि टाकीच्या कडेला दोन बोटं लांबीचा रंग उडून खालचं पांढरं अस्तर दिसत होतं. त्या गृहस्थांनी उडालेल्या रंगावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे पॉलिश म्हणायचं का?" बिरू एवढंच म्हणाला, "चूक माजी हाय. टाकी नवी देतो." नव्या टाकीचे सतरा हजार चारशे झाले. हौसाबाईंच्या चार शेळ्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या, माहेराहून आलेल्या एकीपासून वाढवलेल्या. त्या विकल्या गेल्या. आणि त्या दिवसापासून त्या घरात एक वाक्प्रचार तयार झाला. बिरू बाजारातून वांगी आणो की मोटरचा पट्टा, हौसाबाई पिशवी उघडताना विचारायच्या, "बघून आनलंय न्हवं? का ही बी घरची लोकर?"

मला मात्र चैन पडेना. डब्यावर लोकर लिहिलं होतं, लोकरच लावली, मग टाकी का बिघडली? घोंगडीचे काही केस मी कारखान्यात नेले आणि मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिले. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पन्नास ते सत्तर भाग जाडीचा एकेक केस. गाडीच्या रंगावर जो काचेसारखा पारदर्शक थर असतो तो साधारण चाळीस भागांचा, हे पेंट शॉपमधल्या सहकाऱ्याने सांगितलं. थरापेक्षा केस जाड. शिवाय ड्रिल मशीन फिरतं पॉलिशच्या मशीनच्या दुप्पट वेगाने, आणि कडेला रंग मुळातच पातळ बसतो. तीन कारणं सापडली, पण लोकरीचं कोडं सुटलं नाही. चार महिन्यांनी पुण्यात गेलो असताना मी ती साडेचारशेची टोपी मुद्दाम विकत घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच पाकीट फिरवून पाहिलं. त्यावर चित्र होतं. मेंढीचं नव्हे, कोकराचं. खाली लिहिलं होतं, लॅम्ब्सवूल. डब्यावरही हाच शब्द होता. मी तो वाचला होता, आणि घाईत त्याची मेंढी केली होती.

त्याच संध्याकाळी मी बिरूकडे गेलो आणि पाकीट त्याच्यापुढे ठेवून सगळं सांगितलं. त्याने टोपीत बोटं घातली, केस वेगळे केले, गालाला लावून पाहिले. मग म्हणाला, "आवो, हे जावळ हाय." कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, हे मला तेव्हा समजलं. त्याची घोंगडी वेगळी होते, मऊ, आणि तिला किंमतही वेगळी येते. पुढच्या कातरणीपासून केस राठ होत जातो. धनगराच्या घरात हे पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही कोकरू म्हणाला असता तर मी घोंगडीला हात लावला नसता, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "माजं आडनाव कोकरे. तुमी मला रोज कोकरे म्हनता. आन ऐन टायमाला मेंढी."

मी टाकीचे निम्मे पैसे बरोबर नेले होते. त्याने ते घेतले नाहीत. "पैसं नगं. आता नीट वाचा, आन काय घ्यायचं त्ये सांगा." मी म्हटलं, निदान हौसाबाईंना तरी खरं काय ते सांग. "सांगतो की," तो म्हणाला.

पुढचं वर्षभर आमच्या रविवारच्या सकाळी यातच गेल्या. भंगारातून आणलेला एक काळा मडगार्ड आम्ही चिकटपट्टी लावून चौकोनांत वाटला. लोक जे जे सांगायचे ते सगळं करून पाहिलं. टूथपेस्ट: चकाकी येते, दुसऱ्या धुण्याला जाते. पितळ घासायचं पॉलिश: चरा जातो आणि आपले दहा चरे ठेवून जातो. नुसतं मेण: चरा भरतं, काढत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. दोन हजार नंबरचा, पाण्यात भिजवून घासायचा बारीक वॉटर पेपर: खोल चऱ्याला चालतो, पण हात थरथरला की संपलं. बिरूला नंबर वाचता यायचे, पण त्याचा विश्वास अंगठ्यावर. चऱ्यावरून आडवं नख फिरवायचा. नख अडलं तर म्हणायचा, "हितं पॉलिशला काम न्हाई, हितं पेंटर पायजे," आणि गिऱ्हाईक परत पाठवायचा. जुन्या गाडीवर आधी पांढऱ्या फडक्याने एक थेंब पॉलिश लावून बघायचा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही, मग मशीन लावायचंच नाही, हातानेच घासायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका जुन्या लाल गाडीने शिकवलं. मशीन आम्ही तीन दुकानं हिंडून घेतलं, वेग कमीजास्त करता येणारं. दुकानदार जास्त ताकदीचं गळ्यात मारू पाहत होता. बिरू त्याला म्हणाला, "मला जोराचं नगं, मला हळू जानारं दाखवा." दुकानदाराला असं गिऱ्हाईक बहुधा नवीन असावं.

भावाकडून त्याने पिशवीभर जावळ आणवलं, साबणपाण्यात तुडवून त्याची गादीसारखी जाड थापडी केली आणि मशीनला बसवली. मी विकतच्या स्पंजाशी तिची तुलना केली. त्याच कंपाउंडने, तेवढ्याच फेऱ्या देऊन. खरं सांगायचं तर स्पंजाला मी आठ गुण दिले आणि जावळाला सात. बिरूने दोन्ही चौकोन उन्हाला धरले. "तुमचं आठ कुटं हाय त्ये बोट ठिवून दाखवा." मला दाखवता आलं नाही. तरी मी वहीत आठच ठेवले. तो शेवटपर्यंत मोठ्या चऱ्याला स्पंज वापरायचा आणि अखेरचा हात मात्र जावळाचा.

या सगळ्या वर्षांत मी त्यांच्या घरी कितीदा जेवलो याची मोजदाद मी ठेवलेली नाही. हौसाबाई ताट वाढता वाढता बिरूला घरच्या लोकरीवरून टोमणा मारायच्या, तो मान खाली घालून भाकरी मोडायचा, आणि मीही हसायचो. मला वाटायचं, त्यांना खरं केव्हाच कळलंय, आता ही नुसती थट्टा आहे. कदाचित तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं...

दहाव्याच्या दिवशी घरात पाहुणे बसले होते. हौसाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "मानूस सोन्यावानी. कुनाचा रुपाया ठिवला न्हाई. पन त्या लोकरीच्या नादात माज्या चार शेळ्या घालवल्या. एवडं धनगराचं लेकरू, आन लोकर कळली न्हाई." मी भिंतीला टेकून बसलो होतो. बिरूने आठ वर्षांत त्यांना सांगितलं नव्हतं.

तिथे मी गप्प राहिलो. घरी येऊन दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सांगितलं तर बिरूवरचा बोल उतरेल, पण हौसाबाईंना कळेल की इतकी वर्षं आपण नाहक बोललो, आणि आता ते मागे घ्यायला समोर माणूस नाही. नाही सांगितलं तर त्यांना शांत वाटेल आणि बिरू लोकर न कळणारा धनगर म्हणून राहील. पहिली बाजू जड, की दुसरी, हे मला ठरवता येईना. शेवटी असं वाटलं की यात तिसरी बाजू माझी आहे, आणि गप्प राहण्याचा फायदा फक्त तिला होतो. पुढच्या रविवारी मी दुकानावर गेलो. हौसाबाई एकट्याच एक गाडी धूत होत्या. मी बोलायला लागल्यावर त्यांनी मोटर बंद केली.

"कोकरू लिवलं व्हतं?"

"हो. मी मेंढी वाचलं."

"आन त्यास्नी ठावं व्हतं?"

"चार महिन्यांतच सांगितलं मी त्याला. तुम्हाला सांग म्हटलं होतं."

त्या पाइप गुंडाळत राहिल्या. बराच लांब पाइप होता. मी शेळ्यांचे पैसे देऊ का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "शेळ्या ग्येल्या त्येचं न्हाई, सायेब. मी बोलले त्ये आता कुनाकडनं माघारी घेऊ?" मी पाइपाचं दुसरं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं. थोड्या वेळाने मी, म्हणजे मला खरोखरच कळत नव्हतं म्हणून, विचारलं की त्याने का बरं सांगितलं नसेल? हौसाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुन्हा काहीतरी चुकीचं वाचत होतो.

"सांगितलं असतं तर मी तुमाला पायरी चढू दिली असती व्हय? त्ये त्येंला ठावं व्हतं. माजं बोलनं परवडलं, पन तुमी यायचं ऱ्हायला नगं."

एवढं बोलून त्यांनी मोटर सुरू केली.

दुकान आता त्याच चालवतात. अंगठ्याचं नख बिरूसारखंच आडवं फिरवतात. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा एक तरुण जोडपं नवी गाडी घेऊन उभं होतं, टाकीवर किल्लीचे चरे होते. हौसाबाईंनी नख फिरवून पाहिलं, अडलं नाही. नव्या पॉलिशची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि त्या दोघांना मोठ्याने सांगितलं, "ह्ये सायेब वाचून दावत्यात. पन मी दोनदा वाचून घेते. यांनी एकदा कोकराची मेंढी केली, आन माज्या चार शेळ्या ग्येल्या. आमच्या मालकांनी बिचाऱ्यांनी आठ वर्सं माजं ऐकून घेतलं." मुलगी हसली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, खरं आहे ते. मग बाटलीवरचा मजकूर मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा एकेका शब्दावर बोट ठेवून. त्यांचं काम झाल्यावर हौसाबाईंनी माझी गाडी धुतली. शंभर रुपये झाले. ते मी हौसाबाईंना दिले.